टेबल चालायला लागलं! सुतारकामाचा बाक आणि फळी धरून ठेवायच्या युक्त्या

अर्धवट_सुतार | रविवार, रात्री १०.१२

मंडळी, गेल्या दिवाळीत स्वतःलाच भेट म्हणून एक लोखंडी रंधा, दोन पटाश्या आणि एक करवत घेतली. व्हिडिओ बघून धार लावायला शिकलो, हातावरचे केस उडतील इतपत. मग सागाची एक फळी आणली, मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवली आणि रंधा मारायला घेतला.

पहिल्या हाताला फळी पुढे गेली. क्लॅम्प लावला, तर दुसऱ्या हाताला टेबल पुढे गेलं. टेबल भिंतीला टेकवलं, तर भिंतीचा रंग निघाला आणि टेबलाचे पाय करकरायला लागले. शिवाय क्लॅम्प बरोबर रंध्याच्या वाटेतच येतो, त्यामुळे अर्धी फळी तासायची, क्लॅम्प सोडायचा, फिरवायचा, परत आवळायचा. बायको म्हणाली, "फळी तासतोयस की टेबल फिरायला नेतोयस?"

आता नीट बाक करायचा ठरवलंय. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, बाल्कनीत साडेपाच फूट जागा आहे आणि बजेट पंधरा हजार. उंची किती ठेवू, लाकूड कुठलं घेऊ, आणि तो फळी आवळून धरणारा महागडा वाइस घ्यावाच लागतो का? सोसायटीत प्लायचं काम करणाऱ्या एका कारागिराला विचारलं. तो माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाला, "साहेब, मशीन घ्या ना."

---

टिकटिक | रविवार, रात्री १०.३०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. फोटो टाका, म्हणजे बुडाखाली काय जळतंय ते कळेल.

---

निवृत्त_नाना | सोमवार, सकाळी ६.०५

उंचीचं सांगतो. रोज ज्या चपला घालून काम करणार त्या घाला, ताठ उभे राहा, हात सैल सोडा. करंगळी तळव्याला जिथे मिळते ते हाड बघा. बाकाचा माथा तिथपर्यंत. रंधा मारताना अंगाचं वजन वरून पडलं पाहिजे, नुसते दंड दुखवून उपयोग नाही. मी पाच फूट सहा इंच आहे, माझा बाक बत्तीस इंच. लाकडी रंधा वापरणार असाल तर आणखी इंच-दीड इंच कमी करा, कारण लाकडी रंध्याचा ठोकळाच उंच असतो.

मात्र करवतीने बारीक सांधे कापायला हाच बाक बुटका वाटेल, पाठ बोलायला लागेल. त्यावर उपाय म्हणजे बाकावर ठेवायचं छोटं सहा-सात इंची ओटकं. ते नंतर.

वाइसला मराठीत शेगडा म्हणतात, एवढं जाता जाता.

---

अर्धवट_सुतार | सोमवार, सकाळी ९.२०

नाना, धन्यवाद. शेगडा वाचून आधी वाटलं तुम्ही मला स्वयंपाकघरात पाठवताय.

---

पाचर | सोमवार, दुपारी १.४५

आम्ही मूळचे सुतार. आज्यापर्यंत गावात बलुतं होतं, वडिलांनी पुढे मजुरीवर कामं केली, मी संगणकावर बसतो. हा धागा वडिलांना वाचून दाखवला. त्यांचा पहिला प्रश्न: "बाक कशाला?"

वडिलांनी चाळीस वर्षांत बाक वापरला नाही. जमिनीवर बसायचे. फळीचं पुढचं टोक भिंतीला, नाहीतर जमिनीत ठोकलेल्या खुंटीला टेकवलेलं. मागून रंधा. फळी हलत नाही, कारण रंधा तिला खुंटीकडेच ढकलतो. पटाशीचं काम असेल तर लाकडावर डावी टाच. वाकसाने (कुदळीसारख्या आडव्या पात्याच्या हत्याराने) तासताना पायाच्या अंगठ्याने ठोकळा दाबायचे आणि वाकसाचं पातं अंगठ्यापासून दोन बोटांवर पडायचं. लहानपणी मी डोळे मिटून घ्यायचो. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख आजही अर्धंच आहे, पण ते म्हणतात ते बैलाने पाय दिल्यामुळे. आई वेगळं सांगते.

दाराच्या फळीची कड सरळ करायची असेल तर एक जाड ओंडका, त्याला वर खाच. फळी खाचेत उभी करायची, बाजूने पाचर मारायची. झाला शेगडा. पैसे शून्य.

---

देवगडकर | सोमवार, दुपारी २.१०

पाचर, "अंगठ्यापासून दोन बोटांवर" वाचून माझाच अंगठा आखडला.

---

मधुराणी | सोमवार, दुपारी ३.३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि हौसेने लाकडी चमचे कोरते. जमिनीवर बसून काम करणाऱ्यांची कला मान्य, पण ते लहानपणापासून उकिडवं बसलेले असतात. चाळिशीला ऑफिसच्या खुर्चीतून उठून थेट वीतभर उंचीवर तासभर रंधा मारणारे लोक पुढच्या आठवड्यात माझ्याकडे येतात. धागाकर्त्यांनी उभ्यानेच काम करावं. नानांचं उंचीचं माप बरोबर आहे.

---

पाचर | सोमवार, दुपारी ४.०२

ताई, हे वडिलांना सांगितलं. म्हणाले, "गुडघे माझेही गेलेत, पण ते सुतारकामाने नाही, तुझ्या लग्नात उभं राहून गेले."

---

न्यूजर्सीचा_बंड्या | मंगळवार, सकाळी ७.४०

माझ्या गराजमध्ये बाक आहे, म्हणून दोन पैसे. मी आधी सगळ्यांसारखा लोखंडी शेगडा घेतला, मग बाक केला आणि सहा महिन्यांनी कळलं की शेगडा दहातल्या दोन कामांनाच लागतो. उरलेली आठ कामं पाचरच्या वडिलांच्या खुंटीनेच होतात.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये आंद्रे रुबो नावाचा सुतार होऊन गेला. १७६९ पासून त्याने सुतारकामावर मोठे ग्रंथ काढले. त्यातला बाक अजून लोक जसाच्या तसा करतात. पाच-सहा इंच जाड माथा, चार पाय थेट माथ्यात कूस (पायाच्या टोकाला कोरलेली जीभ) घालून बसवलेले, आणि पायांची बाहेरची बाजू माथ्याच्या कडेशी अगदी सपाट. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. कड आणि पाय एका पातळीत असले की दारासारखी मोठी फळी बाकाच्या अंगाला उभी टेकवून धरता येते. टेबलाचा माथा पायांच्या बाहेर आलेला असतो, म्हणून त्याच्या अंगाला काही धरता येत नाही.

फळी धरायला त्यात तीनच गोष्टी. एक, माथ्याच्या डाव्या टोकाजवळ चौकोनी भोकात घट्ट बसणारी लाकडी खुंटी, खालून मोगरीने (लाकडी हातोड्याने) ठोकून वर-खाली करता येते. खुंटी फळीच्या जाडीपेक्षा जरा खाली ठेवायची, नाहीतर रंध्याचं पातं तिच्यावर आपटतं. दोन, माथ्याच्या कडेला डाव्या बाजूला आकड्यासारखा लाकडी तुकडा, त्यात फळीचं टोक अडकवून कड तासायची. तीन, होल्डफास्ट. लोखंडी दांडा, वर वाकवलेली मान, पुढे चपटा पंजा. दांडा भोकात घालायचा, पंजा फळीवर, डोक्यावर मोगरीचा एक ठोका. बसला. सोडवायला मानेला मागून एक ठोका. फळी धरून पटाशीने खाचा पाडायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

---

शंकेखोर | मंगळवार, सकाळी १०.१५

एका ठोक्याने दांडा भोकात घट्ट कसा बसेल? आटे नाहीत, पाचर नाही. मला हे पटत नाही.

---

देवगडकर | मंगळवार, सकाळी ११.००

शंकेखोर, मलाही पटलं नव्हतं, म्हणून करून बघितलं. दांडा भोकापेक्षा किंचित बारीक असतो. पंजा फळीवर दाबला की दांडा भोकात तिरका होतो आणि दोन ठिकाणी चावतो: वर एका बाजूला, खाली विरुद्ध बाजूला. मान थोडी स्प्रिंगसारखी ताणलेली राहते, ती सोडत नाही. विहिरीच्या रहाटाजवळ खुंटा तिरका रुतला की काढता येत नाही, तोच प्रकार.

माझी गोष्ट ऐका. विकतचा होल्डफास्ट बाहेरून मागवायला महाग पडत होता. आमच्या आठवडी बाजारात एक लोहार बसतो, त्याला कागदावर चित्र काढून दिलं. तो बघून म्हणाला, "हा तर बगळा." तेव्हापासून आमच्या घरात त्याला बगळाच म्हणतात. पहिला बगळा बारा मिलिमीटरच्या गजाचा केला, माझी घाई. भोक वीस मिलिमीटरचं. ठोकला की गोल फिरायचा. दुसरा अठराच्या सळईचा केला, भोक एकोणीसचं म्हणजे पाऊण इंच. हा चावला, पण ठोक्यागणिक घसरायचा, कारण सळई गुळगुळीत होती. लोहाराने सांगितल्याप्रमाणे दांड्यावर खरखरीत पॉलिश पेपर आडवा फिरवला, लांबीच्या दिशेने नाही, गोल. आता दोन वर्षं झाली, सुटत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. माझा माथा दीड इंचाचा होता. दीड इंचाच्या भोकात बगळ्याला चावायला जागा मिळत नाही. भोकाच्या खालून दीड इंचाचा बाभळीचा ठोकळा चिकटवला, तेव्हा काम झालं. माथा अडीच-तीन इंच ठेवा.

---

टिकटिक | मंगळवार, सकाळी ११.०८

आम्हाला बगळा पाहिजे! +१ बगळ्याला.

---

शंकेखोर | मंगळवार, दुपारी १२.३०

कळलं. माघार. आणि माथा फार जाड झाला, पाच-सहा इंचाचा, तर?

---

न्यूजर्सीचा_बंड्या | मंगळवार, सायंकाळी ६.५०

मग दांडा लांब भोकात सरळच राहतो, तिरका होत नाही आणि चावत नाही. अशा वेळी खालच्या बाजूने मोठं गिरमिट घालून भोक रुंद करतात, म्हणजे चावायची लांबी तीन-एक इंचच उरते.

---

प्लायवाला_नाही_पण | मंगळवार, रात्री ९.१५

सगळे सागवान आणि फ्रान्सच्या गोष्टी करताय. मी सरळ गणित मांडतो. आठ बाय चारचा एकोणीस मिलिमीटर प्लाय घ्या. दुकानदाराकडूनच चार तुकडे करून आणा, प्रत्येक चार बाय दोन फूट. चारही एकावर एक फेविकॉलने चिकटवा. झाला शहात्तर मिलिमीटर जाडीचा, म्हणजे तीन इंची, सपाट माथा. वजन पस्तीसेक किलो. पावसाळ्यात फळीसारखा फुगत नाही, वाकत नाही. एका शनिवारात होतो. भोकं ड्रिलने पाडा, कड्यांना लाकडी पट्टी मारा.

---

निवृत्त_नाना | बुधवार, सकाळी ६.१०

प्लायला नाक मुरडत नाही, पण दोन गोष्टी. बाकाचा माथा वर्षा-दोन वर्षांनी परत रंध्याने सरळ करावा लागतो. प्लायला रंधा मारला की पातं थरांमधल्या डिंकावर बोथट होतं, आणि वरचा थर गेला की खालचा आडवा येतो. दुसरं, बगळ्याच्या ठोक्यांनी भोकाच्या तोंडाचे थर सुटतात. तरीही, पहिला बाक म्हणून वाईट नाही. पाच वर्षांनी दुसरा होणारच आहे.

---

प्लायवाला_नाही_पण | बुधवार, सकाळी ८.३०

नाना, पाच वर्षं चालला तर पंधरा हजार वसूल.

---

देवगडकर | बुधवार, सकाळी ८.५०

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर. कोकणात आमच्या बाकाची खुंटी जूनमध्ये अडकते ती गणपतीनंतर सुटते. चौकोनी भोकात उन्हाळ्यात घट्ट बसवली होती, पावसात फुगली आणि भोकाने तिला धरून ठेवली. पूर्ण पावसाळा ती दोन इंच वर उभी. त्या दिवसांत मी फक्त दोन इंचापेक्षा जाड लाकूड तासलं. आता मेमध्ये खुंटी बाहेर काढून रंध्याचे एक-दोन हात मारून बारीक करून ठेवतो आणि भोकाला मेण लावतो.

माथाही एका रुंद फळीचा करू नका. दोन फळ्या आणि मध्ये दीड इंचाची फट ठेवा. फुगल्या तर फटीकडे फुगतील. फटीत करवत, गुण्या, पटाश्या उभ्या राहतात आणि त्यात पट्टी अडकवली तर आडवा रंधा मारताना टेकू मिळतो.

---

वाकडी_फळी | बुधवार, दुपारी १२.००

आडवा रंधा म्हणजे?

---

देवगडकर | बुधवार, दुपारी १२.२५

रेषांच्या दिशेने नाही, फळीच्या रुंदीतून. खूप वाकडी फळी आधी आडवी तासली की उंचवटे पटकन जातात.

---

वाकडी_फळी | बुधवार, दुपारी १२.४०

पण तेव्हा फळी फिरत नाही का? मी उभ्याने काम करायला एक छोटा बाक केला, डाव्या टोकाला एकच खुंटी आहे. सरळ मारताना ठीक. तिरका हात गेला की फळी घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. आयडी बघा, उगाच नाही घेतला.

---

न्यूजर्सीचा_बंड्या | बुधवार, सायंकाळी ७.३०

याच्यावर सगळ्यात स्वस्त युक्ती. फूटभर लांब, अर्धा इंच जाड पट्टी घ्या. एका टोकाला काटकोनाची खाच कापा, इंग्रजी व्ही सारखी. फळीचा मागचा कोपरा त्या खाचेत, पट्टीवर बगळा. पुढे खुंटी, मागे ही खाच. फळीवर वरून काहीच नसतं, रंधा मोकळा फिरतो आणि फळी कुठेच जात नाही. हरणाच्या खुरासारखी दिसते म्हणून तिकडे तिला तसंच नाव आहे.

---

वाकडी_फळी | गुरुवार, रात्री १०.५५

करून बघितलं. रद्दीतल्या प्लायची पट्टी, वीस मिनिटं. फळी हलली नाही. उगाच दोन महिने नवऱ्याला फळीचं एक टोक धरायला उभं करत होते. त्याला आज सुट्टी मिळाली, तो या धाग्याचा फॅन झालाय.

---

मधुराणी | गुरुवार, रात्री ११.२०

अवांतर, पण थोडंच. उभं की बसून, या वादात तिसरी वाट आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम या रोमन शहरात एक भित्तिचित्र सापडलंय. त्यात छोटे पंखवाले कामदेव (क्यूपिड) सुतारकाम करतायत आणि त्यांच्यासमोर बुटका बाक आहे. बाकावर चक्क बगळा! म्हणजे देवगडच्या लोहाराचा बगळा जवळपास दोन हजार वर्षांचा आहे.

असा बाक साधारण आपल्या बसायच्या बाकड्याएवढा, सतरा-अठरा इंच उंच. त्यावर घोड्यावर बसल्यासारखं बसायचं, मांड्यांमध्ये काम धरायचं, नाहीतर माथ्याच्या भोकांत खुंट्या घालून त्यांच्यामध्ये पाचर मारायची. बाल्कनीत पाहुणे आले की बसायला होतो. चमच्यांसाठी मी हाच वापरते, गुडघे सुखरूप.

---

पाचर | शुक्रवार, सकाळी ९.०५

वडील खूश. म्हणाले, "म्हणजे रोममध्येही बाकाला पाचरच लागायची. मग तुझं शेगडं कशाला?"

त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती जशीच्या तशी. बाकाचे सांधे नुसते डिंकावर ठेवू नका. कूस खाचेत घालून झाली की आरपार भोक पाडून बांबूची खुंटी ठोकायची. पण कुशीतलं भोक खांद्याकडे (कूस जिथून सुरू होते तिकडे) अर्धा सूत सरकवून पाडायचं. खुंटी आत शिरताना कुशीला ओढून घेते आणि सांधा आपोआप आवळतो. क्लॅम्प लागत नाही. अर्ध्या सुतापेक्षा जास्त सरकवलं तर खुंटी तुटते, कमी सरकवलं तर ओढत नाही.

(सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे माझ्या मुलाला सांगावं लागलं, म्हणून इथेही सांगतो.)

---

शंकेखोर | शुक्रवार, सकाळी १०.४०

सगळं खरं, पण डव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारखा सांधा) कापायला फळी उभी धरावी लागते. खुंटी, बगळा, हरणाचं खूर, कशानेही फळी उभी राहत नाही. तिथे शेगडा लागतोच. मान्य करा.

---

निवृत्त_नाना | शुक्रवार, सकाळी ११.१५

मान्य. पण विकतचाच हवा असं नाही. दोन फूट लांबीच्या दोन जाड पट्ट्या, सोळा मिलिमीटरचे आटे पाडलेले दोन रॉड, नट, वॉशर. हार्डवेअरच्या दुकानात सगळं मिळतं. मागची पट्टी बाकावर बगळ्याने दाबा, पुढच्या पट्टीने फळी आवळा. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जोसेफ मॉक्सनने अशा दोन स्क्रूंच्या शेगड्याचं वर्णन केलंय, म्हणून त्याला मॉक्सन म्हणतात. बाकाच्या वर सहा इंच उभा राहतो, त्यामुळे मी सुरुवातीला म्हटलेल्या ओटक्याचं कामही तोच करतो. पाठ सरळ.

लोखंडी शेगडा घेतलाच तर जबड्यांना आतून लाकडी पट्ट्या लावा. आणि फळी एका बाजूला धरताना जबडा तिरका होतो, म्हणून दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा ठेवा. मी हे न करता एक जबडा कायमचा वाकडा केलाय.

---

टिकटिक | शुक्रवार, सकाळी ११.१७

धागाकर्ते कुठे गायब झाले? बाल्कनी कोसळली काय?

---

अर्धवट_सुतार | शुक्रवार, रात्री ११.५०

इथेच आहे, भवानी पेठेत टिंबर मार्केटला दोन चकरा झाल्या. एका वखारीत वाड्याच्या जुन्या तुळया मिळाल्या, साग, तीन इंच जाड, दहा इंच रुंद. दोन घेतल्या. पायांना बाभूळ, चार बाय चार. वखारवाल्याने विचारलं, "दार की खिडकी?" बाक म्हटल्यावर त्याने चहा पाजला.

---

निवृत्त_नाना | शनिवार, सकाळी ६.००

रंधा लावायच्या आधी तुळयांवरून लोहचुंबक फिरवा! वाड्याच्या लाकडात खिळे तुटून आत राहिलेले असतात, वरून दिसत नाहीत. आणि सागात सिलिका असते, धार लवकर जाते, त्याला घाबरू नका.

---

अर्धवट_सुतार | शनिवार, सकाळी ९.३०

नाना, तुमचा प्रतिसाद साडेतीन तास उशिरा वाचला. पात्याला चंद्रकोर पडलीय.

---

देवगडकर | शनिवार, सकाळी ९.४५

खंडेनवमीला पूजेत ठेवा ते पातं. पहिली जखम.

---

अर्धवट_सुतार | (साडेतीन महिन्यांनी) रविवार, सायंकाळी ५.२०

मंडळी, झाला. फोटो खाली देतोय, टिकटिक यांनी श्वास सोडावा.

साडेचार फूट लांब, दोन तुळया आणि मध्ये दीड इंचाची फट. उंची साडेएकतीस, नानांच्या करंगळीच्या हिशोबाने. पाय माथ्याच्या कडेशी सपाट. सांधे पाचरच्या वडिलांच्या पद्धतीने. पहिल्या भोकात पाऊण सूत सरकवलं आणि बांबूची खुंटी कटकन मोडली. उरलेल्या सात भोकांत अर्ध्या सुतावर राहिलो. शेवटची खुंटी ठोकताना सांध्यातली फट मिटताना डोळ्यांनी दिसली. मुलाला हाक मारून दाखवली, तो "हं" म्हणाला.

वजन ऐंशी किलोच्या आसपास, तरी सुरुवातीला जोरात रंधा मारला की किंचित सरकायचा. खालच्या फळीवर आजीचं जातं ठेवलं, दोन्ही दगड. आता भूकंपालाच हलेल. खालच्या मजल्यावरच्या काकांना आवाज जाऊ नये म्हणून चारही पायांखाली जुन्या गालिच्याचे तुकडे आहेत आणि बाक पिलरला लागून ठेवलाय. एकदाच वर आले होते, मोगरीचा आवाज ऐकून. त्यांना घरातली एक खुर्ची दुरुस्त करून हवी होती.

बगळा इथल्याच एका लोहाराकडून, अठराच्या सळईचा. त्यालाही चित्र दाखवलं, तो म्हणाला, "हे तर हॅन्डपंपाचं हँडल." नाव बगळाच ठेवलंय. शेगडा घेतला नाही. मॉक्सन अजून व्हायचाय.

चूक एक झाली. बगळ्याचं पहिलं भोक मोठ्या उत्साहात पाडलं. दोन इंच खाली गेल्यावर गिरमिटाला बाभूळ लागली. बरोबर पायाच्या कुशीवर पाडलं होतं.

सगळ्या खर्चाचे सोळा हजार आठशे. आठशेचा हिशोब घरी सांगितलेला नाही.

---

टिकटिक | रविवार, सायंकाळी ५.२४

दंडवत. ते अर्धवट भोक पेन्सिल ठेवायला वापरा.

---

वाकडी_फळी | रविवार, सायंकाळी ६.१०

पायाच्या डोक्यावरच भोक! माझंही तसंच आहे. त्यात नवऱ्याने अगरबत्ती लावली होती.

---

प्लायवाला_नाही_पण | रविवार, रात्री ८.००

छान झालाय, मानलं. साडेतीन महिने मात्र लागले. शनिवार एकच पुरला असता.

---

पाचर | रविवार, रात्री ९.४०

वडिलांना फोटो दाखवला. चष्मा लावून, मोबाइल लांब धरून बराच वेळ बघत होते. सांधे मोठे करून बघितले, "बरे आहेत" म्हणाले. ही त्यांची मोठी दाद आहे, मला दहावीला एवढीही मिळाली नव्हती. मग म्हणाले, "खुंटी उजव्या टोकाला लावलीय. चुकलाय, का डावखुरा आहे?"

---

अर्धवट_सुतार | रविवार, रात्री ९.५२

डावखुराच आहे. इथे कुठेच लिहिलं नव्हतं.

---

पाचर | रविवार, रात्री १०.१५

सांगितलं त्यांना. म्हणाले, "मग फटीतल्या पटाश्या त्याच्या डाव्या हाताला ठेवायला सांग. फोटोत उजवीकडे आहेत, दर वेळी हात आडवा घालावा लागत असेल."